आयफेल हे आडनाव आलं कुठून? दुर्मिळ फ्रेंच आडनावांचा नकाशा कसा वाचायचा

१५ डिसेंबर १८३२ रोजी फ्रान्समधल्या दिजों शहरात एक मुलगा जन्माला आला. त्याचं कागदोपत्री आडनाव होतं ‘बोनिकहाउझेन ऊर्फ आयफेल’. मुलाचं नाव गुस्ताव. पुढे १८८९ मध्ये त्याच्या कंपनीने पॅरिसमध्ये तीनशे मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभा केला आणि हे ‘ऊर्फ’नंतरचं नाव जगभर गेलं. मनोरा कोणाला माहीत नाही? पण हे आडनाव लावणारी माणसं फ्रान्समध्ये तेव्हाही मूठभर होती.

हल्ली इंटरनेटवर आडनाव टाकलं की देशाचा नकाशा रंगवून देणारी संकेतस्थळं आहेत. जिथे रंग गडद तिथे ‘तुमचं मूळ’, असं ती बिनधास्त सांगतात. नकाशा खोटा नसतो, पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो. आडनाव दुर्मिळ असेल तर ही गफलत जास्तच होते. आयफेल हे नाव समोर ठेवलं तर ती कुठे होते हे नीट कळतं.

आडनावं आधी नव्हतीच

मध्ययुगाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या माणसाला एकच नाव असे, बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं. अकराव्या-बाराव्या शतकापासून वस्ती वाढू लागली आणि नावं मात्र ठरावीक राहिली. एका गावात पाच ज्यां आणि चार पिएर झाले की ओळखायला काहीतरी जोड लागतेच. कोणाला बापाचं नाव जोडलं गेलं, कोणाला धंद्याचं, कोणाला गावाचं किंवा शेताचं, तर कोणाला अंगावरच्या खुणेचं. ही जोड हळूहळू बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि तिचं आडनाव झालं.

१५३९ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने विलेर-कोत्रे इथून काढलेल्या फर्मानाने फ्रान्समध्ये आडनावं सक्तीची झाली, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. त्या फर्मानात आडनावाची सक्ती नव्हती. पाद्र्यांनी बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवावी आणि सरकारी-न्यायालयीन कागद लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहावेत, असा हुकूम होता. पण नोंद सुरू झाली की तोंडी चालणारी गोष्ट कागदावर उतरते, आणि कागदावर उतरलेली गोष्ट सहसा बदलत नाही. १७९२ मध्ये क्रांतीनंतर ही वही पाद्र्याकडून नगरपालिकेकडे गेली. क्रांतीच्या जोशात लोक हवी ती नवी नावं घेऊ लागले, तेव्हा ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने त्यांना आवर घातला: जन्मनोंदीत जे नाव आहे तेच लावायचं. तोवर एकाच घराण्याचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडणं ही रोजची गोष्ट होती. १८७७ पासून जोडप्यांना कुटुंबाची छोटी सरकारी पुस्तिका मिळू लागली आणि लेखनाची उरलीसुरली मोकळीकही संपली.

एकच लोहार, सहा आडनावं

भूगोल इथे आत शिरतो. लोहार प्रत्येक गावात होता, म्हणून लोहार या अर्थाची आडनावं फ्रान्सभर आहेत. फक्त रूपं वेगळी. उत्तरेत लफेव्र, दक्षिणेत लांगदोककडे फाब्र, ऱ्होन नदीच्या खोऱ्यापासून आल्प्सच्या पायथ्यापर्यंत फोर, सव्हॉय भागात फाव्र. ही चारही नावं ‘फाबेर’ या एकाच लॅटिन शब्दाची लेकरं, प्रत्येक प्रांताच्या बोलीत वाढलेली. पश्चिमेला ब्रिटनीत गेलात की भाषाच वेगळी, तिथला लोहार ल गॉफ. पूर्वेला अल्सासमध्ये जर्मन वळणाची बोली, तिथला श्मिट. सहा आडनावांचे सहा नकाशे एकमेकांवर ठेवले तर जुन्या फ्रान्सचा भाषिक नकाशा तयार होतो. राजकीय सीमा हलल्या, राजे गेले, शाळांनी सगळ्यांना एकच फ्रेंच शिकवली. लोहारांची नावं मात्र बऱ्याच अंशी आपापल्या प्रांताला चिकटून राहिली.

लफेव्रची गंमत वेगळीच. उच्चार ‘लफेव्र’, पण ते लिहिण्याची एक तऱ्हा अशी की मध्ये न उच्चारला जाणारा ‘ब’ येतो. आपल्याला लॅटिन येतं हे दाखवण्यासाठी लेखनिकांनी मूळ शब्दातला ‘ब’ परत घुसवला. त्या काळच्या लिपीत ‘व्ह’ आणि ‘उ’ यांना एकच अक्षर होतं, त्यामुळे पुढच्या कोणी तेच नाव ‘लफेब्युर’ असं वाचलं. तेही रूढ झालं आणि एका नावाची दोन घराणी झाली. फ्रान्समध्ये आडनावांची दहा लाखांहून जास्त रूपं सापडतात, त्यात अशा लेखणीच्या करामती किती असतील ते बघा. एखादं ‘दुर्मिळ’ आडनाव म्हणजे पुष्कळदा अगदी सामान्य आडनावच असतं, कोण्या गावच्या कारकुनाने वेगळं लिहिलेलं.

मग आयफेल कुठलं?

जर्मनीत कोलोन, आखेन आणि ट्रिअर या शहरांच्या मधे एक डोंगराळ मुलूख आहे, जुन्या ज्वालामुखींनी घडवलेला. त्याचं नाव आयफेल. तिथे मार्मागेन नावाचं गाव आहे. गुस्तावचे पूर्वज त्या गावचे, आडनाव ब्योनिकहाउझेन. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घराण्यातला एक जण पॅरिसला आला आणि तिथेच स्थायिक झाला. त्याचं आडनाव पॅरिसच्या जिभेला पेलणारं नव्हतं. म्हणून तो ज्या मुलखातून आला त्या मुलखाचं नाव त्याला चिकटलं.

आपल्याकडच्या ‘कर’ लागणाऱ्या आडनावांचा न्याय इथेही लागतो. साताऱ्यात राहणाऱ्याला कोणी सातारकर म्हणत नाही; तो पुण्यात किंवा ग्वाल्हेरला गेला की सातारकर होतो. आयफेल मुलखात तर प्रत्येक जणच तिथला, तिथे हे नाव कोणाला वेगळं ओळखू येण्यासाठी देणार? ते पॅरिसमध्येच जन्माला येऊ शकत होतं. म्हणजे शब्द जर्मनीतला, पण आडनाव म्हणून त्याचा जन्म फ्रान्समधला. याची खूण लेखनातही आहे. डोंगराच्या नावात ‘फ’ एकच, आडनावात दोन. दुसरा ‘फ’ फ्रेंच लेखणीने लावला. फ्रेंच लोक त्याचा उच्चारही ‘एफेल’ असा करतात; मराठी वर्तमानपत्रांचं ‘आयफेल’ डोंगराच्या जर्मन उच्चाराला जास्त जवळ आहे.

गावावरून किंवा मुलखावरून पडलेली आडनावं दुर्मिळ असण्याचं एक कारण इथे सापडतं. ‘लोहार’ हे नाव हजार गावांत हजार वेळा स्वतंत्रपणे पडू शकतं. दूरच्या एका डोंगराचं नाव पडायला तिथून येऊन बिऱ्हाड केलेला माणूस लागतो, आणि ते नाव त्याच्या मुलाबाळांच्या पलीकडे जात नाही.

‘ऊर्फ’ मात्र शंभर-दीडशे वर्षं टिकलं. घरात, धंद्यात आयफेल, कागदावर दोन्ही. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स प्रशिया या जर्मन राज्याकडून हरला, अल्सास आणि लोरेनचा मोठा भाग गेला, आणि जर्मन वळणाचं आडनाव बाळगणं जड जाऊ लागलं. तोवर गुस्ताव पूल बांधणारा नामांकित इंजिनिअर झाला होता, कंपनीच्या पाटीवर आयफेलच होतं. पण कायद्याने तो अजून बोनिकहाउझेन, आणि तो जर्मन असल्याची कुजबुज चालू. धंद्यात स्पर्धक असले की अशी कुजबुज कोण सोडतं? त्याने सरकारकडे रीतसर अर्ज केला, आणि १८८० मध्ये हे नाव कायदेशीररीत्या फक्त ‘आयफेल’ झालं. त्याचं वय तेव्हा पन्नाशीला टेकत आलेलं, आणि पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरातला त्याचा प्रसिद्ध मारिया पिया पूल उभा राहून तीन वर्षं उलटलेली.

“नकाशात जिथे रंग गडद, तिथलंच मूळ ना?”

फ्रेंच आडनावांचे बहुतेक नकाशे एकाच मालावर चालतात: इन्से या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या जन्मनोंदी. त्यातून आडनावं १८९१ ते १९९० या काळासाठी, पंचवीस-पंचवीस वर्षांच्या चार टप्प्यांत आणि देपार्तमां म्हणजे तिथल्या जिल्ह्यानुसार मांडली गेली. सोय फार चांगली, पण तिच्या मर्यादा आधी बघून घ्याव्यात.

पहिली म्हणजे, सुरुवातच १८९१ पासून. आडनावं तयार झाली त्याला तोवर पाच-सहाशे वर्षं लोटली होती, रेल्वे आली होती, खेड्यांतली माणसं पॅरिस, लियों, मार्से इथल्या कारखान्यांकडे निघाली होती. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक आडनावाच्या नकाशात पॅरिस गडद दिसतं. मुंग्या जिथे जास्त दिसतात तिथे साखर सांडलेली असते; वारूळ तिथेच असेल असं नाही. शिवाय ज्या राष्ट्रीय नोंदवहीतून हा माल आला ती १९४० च्या दशकात तयार झाली, म्हणून १८९१ नंतर जन्मून तिच्याआधीच गेलेली माणसं तिच्यात पूर्ण नाहीत. पहिल्या महायुद्धात पडलेले तरुणही त्यातच आले. तेरा लाखांहून जास्त फ्रेंच सैनिक त्या युद्धात गेले. खेड्यांतल्या स्मारकस्तंभांवर एकच आडनाव तीन-तीनदा कोरलेलं दिसतं.

दुसरी गोष्ट आणखी साधी आहे, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. जन्माची नोंद होते ती जिथे बाळंतपण झालं तिथे. दुसऱ्या महायुद्धानंतर बाळंतपणं घरातून दवाखान्यात गेली. गाव एका जिल्ह्यात आणि जवळचा दवाखाना शेजारच्या जिल्ह्यात असेल तर पिढ्यान्‌पिढ्या न हललेलं घराणंही नकाशावर सरकलेलं दिसतं.

तिसरी खास दुर्मिळ आडनावांची. एखाद्या जिल्ह्यात पंचवीस वर्षांत त्या नावाची आठ मुलं जन्मली, तर ती आठ वेगवेगळ्या घरांतली असू शकतात, किंवा एकाच आईची. नकाशा दोन्हीला सारखाच रंग देतो. म्हणून दुर्मिळ नाव बघताना रंगापेक्षा आकडा बघा. सर्वांत जुना टप्पा बघा. पॅरिस आणि मोठी शहरं बाजूला ठेवा. लेखनाची दोन-तीन रूपं टाकून बघा. एवढं करूनही एखादा कोपरा सातत्याने उठून दिसत असेल, तर तिथल्या जिल्हा अभिलेखागाराकडे वळायचं. बहुतेक फ्रेंच जिल्ह्यांनी जुन्या नोंदवह्यांची पानं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी ती फुकट बघता येतात. खरं उत्तर त्या पानांत असतं. नकाशा फक्त कुठलं कपाट उघडायचं ते सांगतो.

पॅरिसच्या बाबतीत मात्र कपाटच जळालेलं आहे. मे १८७१ मध्ये कम्युनच्या, म्हणजे पॅरिसकरांच्या सरकारविरोधी उठावाच्या, अखेरच्या दिवसांत शहरात आगी लागल्या. नोंदींच्या दोन प्रती मुद्दाम दोन जागी ठेवल्या जात, एक नगरपालिकेच्या ताब्यात आणि दुसरी न्यायालयात. एकाच आठवड्यात दोन्ही गेल्या. १८६० च्या आधीच्या सुमारे ऐंशी लाख नोंदी राख झाल्या. पुढे घराघरांतले दाखले, चर्चचे आणि वकिलांचे कागद गोळा करून जेमतेम एक तृतीयांश पुन्हा उभ्या केल्या. आयफेल घराण्याच्या पॅरिसमधल्या सगळ्या पिढ्या याच काळात बसतात. ज्यांचे पूर्वज जुने पॅरिसकर, त्यांचा माग काढणं म्हणूनच जास्त कष्टाचं.

आडनावं मरतात कशी?

नाव एकदा पडलं की ते वाढतच जाणार, असं आपल्याला वाटतं. गणित उलट सांगतं. १८४५ मध्ये फ्रेंच अर्थखात्यातल्या इरेने-ज्यूल ब्येनेमे या अधिकाऱ्याने यावर टिपण लिहिलं. खानदानी घराण्यांची नावं एकामागून एक का नाहीशी होतात, हा त्या काळी चर्चेचा विषय होता.

घरी करून बघण्यासारखं आहे. शंभर पुरुष घ्या, प्रत्येकाचं आडनाव वेगळं. प्रत्येकाने दोन नाणी उडवायची. जितके छापे तितके मुलगे. म्हणजे सरासरी प्रत्येकी एक मुलगा, लोकसंख्या ना वाढते ना घटते. तरी सरासरी हिशेबाने पहिल्याच पिढीत पंचवीस जणांना मुलगा नाही, पंचवीस आडनावं संपली. दुसऱ्या पिढीपर्यंत ३९ जातात, तिसऱ्यापर्यंत ४८, चौथ्यापर्यंत ५५, पाचव्यापर्यंत ६०. दीडशे वर्षं झाली, माणसं जवळपास तेवढीच, आणि आडनावं मात्र चाळीस. यात ना रोगराई, ना युद्ध. कोणाचाच काही दोष नाही.

जिथे एका पुरुषामागे सरासरी एक किंवा त्याहून कमी मुलगा, तिथे प्रत्येक आडनाव कधी ना कधी मरणारच. सरासरी एकाच्या वर गेली तर काही नावं वाचतात. ब्येनेमेच्या लक्षात हे आलं होतं. पुढे १८७३-७४ मध्ये इंग्लंडमध्ये गाल्टन या शास्त्रज्ञाने हाच प्रश्न घातला आणि वॉटसन या गणितज्ञाने त्याचं उत्तर दिलं, तेही अर्धवट चुकीचं, कारण त्याच्या हिशेबाने सगळीच नावं मरत होती. आज या गणिताला नाव सहसा त्या दोघांचंच दिलं जातं. ब्येनेमे बिचारा मागेच राहिला.

याच गणिताची दुसरी बाजू कॅनडात दिसते. पेर्श प्रांतातल्या राँदोने गावचा पिएर त्रांब्ले १६४७ मध्ये क्वेबेकला गेला आणि दहा वर्षांनी त्याने लग्न केलं. त्याला डझनभर मुलं झाली. क्वेबेकमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारं आडनाव त्रांब्ले आहे आणि ते त्या एका जोडप्यापासून वाढलं. मोकळी जमीन आणि मोठी कुटुंबं, त्यामुळे नाण्यांचा छापा-काटा बहुतेक वेळा छाप्याच्या बाजूने पडला.

क्रिकेट बघणाऱ्यांना असंच आणखी एक ठिकाण ठाऊक आहे, फक्त त्यातलं फ्रान्स आपल्या लक्षात येत नाही. डिव्हिलियर्स आणि डू प्लेसी ही दोन्ही फ्रेंच आडनावं. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना दिलेलं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. त्यांतले काही जण हॉलंडमार्गे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला गेले. १६८८ मध्ये ज्यां प्रिउर द्यू प्लेसी पोहोचला, १६८९ मध्ये ला रोशेलच्या बाजूचे तीन द व्हिलिए बंधू. त्यांची फ्रेंच भाषा तिथे दोन-तीन पिढ्यांत विरून गेली. आडनावं मात्र फोफावली, उच्चार डच-आफ्रिकान्स झाला. अशा नावाचं मूळ फक्त आजच्या नकाशावरून काढायला गेलात तर केप टाउनलाच पोहोचाल.

“आडनाव एक म्हणजे रक्त एक?”

लफेव्र किंवा फाब्र असेल तर मुळीच नाही. आयफेल किंवा त्रांब्लेसारखं एका माणसापासून निघालेलं असेल तर शक्यता बरीच, तरी खात्री नाही. टाकून दिलेल्या मुलांना अनाथालयं नावं देत. सैनिकांना पलटणीत टोपणनावं मिळत आणि ती पुढे घराण्याला चिकटत.

आपल्या देशातलंच एक उदाहरण आहे. पाँडिचेरीसह फ्रेंचांच्या ताब्यातल्या वसाहतींत १८८१ च्या हुकमाने भारतीयांना आपला परंपरागत कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा स्वीकारता येऊ लागला. त्यासाठी वंशपरंपरेने चालणारं आडनाव घ्यावं लागे. बूट घालून न्यायालयात उभं राहण्याच्या हक्कासाठी पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत लढलेले वकील पोन्नुतंबी पिल्लै यांनी ‘लापोर्त’ हे आडनाव घेतलं. आता लापोर्तचा फ्रान्सचा नकाशा कितीही न्याहाळला तरी या घराण्याचा पत्ता लागायचा नाही.

आणि दुर्मिळ म्हणजे खानदानी, हाही गैरसमजच. नावाआधी ‘द’ आला की उमराव, असं फ्रान्समध्येही अनेकांना वाटतं. पण तो ‘द’ साध्या शेतकऱ्यांच्या नावातही असतो, अमक्या गावचा, एवढाच त्याचा अर्थ.

कायदा आता काय म्हणतो

फ्रान्समध्ये २००५ पर्यंत लग्नाच्या जोडप्याच्या मुलाला बापाचंच आडनाव लागे. १ जानेवारी २००५ पासून आईचं किंवा दोघांचं लावायची मुभा मिळाली. १ जुलै २०२२ पासून कोणाही सज्ञान माणसाला आयुष्यात एकदा, नगरपालिकेत साधा अर्ज भरून, आईचं किंवा वडिलांचं किंवा दोघांचं आडनाव घेता येतं, कारण न सांगता. आपल्याकडे महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम आला. मात्र तो क्रमाचा बदल आहे, आडनाव पुढे कोणाकडून जातं याचा नाही. फ्रान्सच्या बदलाने नाण्यांचा हिशेबच बदलतो, कारण आता मुलीदेखील नाव पुढे नेऊ शकतात. गुस्ताव आयफेलला पाच मुलं, त्यांत तीन मुली. थोरली क्लेर इंजिनिअर साल यांच्याशी लग्न करून गेली आणि तिची मुलं जुन्या रिवाजाने ‘साल’ आडनावाची झाली.

विझत चाललेलं नाव वाचवायची सोय फ्रेंच कायद्यात त्याआधीपासून आहे. २ जुलै १९२३ च्या कायद्याने, घराण्याचा शेवटचा पुरुष देशासाठी लढताना मेला असेल तर त्याचं आडनाव उचलून पुढे चालवण्याचा हक्क नातेवाइकांना दिला. आणि नागरी संहितेच्या ६१ व्या कलमात आडनाव बदलण्याचं वैध कारण म्हणून ‘नाव नष्ट होऊ नये’ हे आजही स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यासाठी नगरपालिकेचा साधा अर्ज चालत नाही. न्यायखात्याकडे कागदपत्रांची चळत द्यावी लागते, आणि मंजुरी मिळाली तर हुकूम सरकारी राजपत्रात छापून येतो. नात्याची मर्यादा चौथ्या पायरीपर्यंत. आई एक, आजी दोन, पणजी तीन, पणजीचे वडील चार. पणजीच्या वडिलांचं आडनाव मागता येतं, त्याच्या मागचं नाही.